दाढ काढायची की वाचवायची? रूट कॅनाल, कॅप आणि मधल्या सगळ्या पायऱ्या

दंतवल्क (धागाकर्ता)

रूट कॅनालला आपल्याकडे सर्रास ‘नस मारणं’ म्हणतात आणि निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात. बहुतेक वेळा नस जिवाणूंनी आधीच मारलेली असते, नाहीतर मरणाला टेकलेली असते. दंतवैद्याचं काम वेगळं आहे. दाताच्या आतली कुजलेली जागा मुळाच्या टोकापर्यंत धुऊन काढायची आणि तिथे पुन्हा जिवाणू शिरणार नाहीत अशी बंद करायची. उपचार फसतात ते बहुतांशी या दोनपैकी एक काम अर्धवट राहिल्यामुळे. बंद करायची जागाही दोन टोकांना असते, एक मुळाशी आणि एक वर, जिथे आपण चावतो. वरची जागा लोक विसरतात. म्हणून हा धागा.

आधी आतली रचना. बाहेर एनॅमलचं कठीण आवरण, त्याखाली डेंटिन आणि मधल्या पोकळीत पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि पेशी. आपण ज्याला नस म्हणतो ती हीच. ही पोकळी मुळांमध्ये बारीक नळ्यांसारखी उतरते आणि टोकाशी जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर रुंदीच्या छिद्रातून जबड्याच्या हाडाला भेटते. इतरत्र सूज आली की मांस फुगायला जागा असते, इथे चारही बाजूंनी टणक भिंती. दाब वाढतो आणि ठणका लागतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून दाढ रात्रीच जास्त छळते.

आता निदान, कारण सगळं तिथे ठरतं. थंड पाणी लागल्यावर कळ आली आणि दोन-चार सेकंदांत गेली, तर पल्प चिडलेला आहे पण सावरू शकतो. कळ तीस सेकंद किंवा त्याहून जास्त रेंगाळते, गरम चहानं उसळते, काही न करताही ठणकते, झोपेतून उठवते, तर पल्प बहुधा सावरण्यापलीकडे गेला. पुढच्या टप्प्यात पल्प मरतो आणि दुखणं अचानक थांबतं. इथेच लोक फसतात, ‘बरी झाली’ म्हणून सोडून देतात. मेलेल्या पल्पमधले जिवाणू मग मुळाच्या टोकातून हाडात पसरतात. चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटते, हिरडीवर पुळी येते, पू निघून जातो, पुन्हा भरतो.

पल्पचं दुखणं नेमकं कोणत्या दातात आहे हे रुग्णाला अनेकदा सांगता येत नाही. वरच्या दाढेचं खाली जाणवतं, खालचं कानात. मात्र डावीकडचं उजवीकडे जात नाही. म्हणून दंतवैद्य शेजारच्या आणि समोरच्या बाजूच्या चांगल्या दातांवरही थंड लावून, आरशाच्या दांड्यानं ठोकून पाहतात. तुलना केल्याशिवाय बोट दाखवलेली दाढ उघडू नये.

रानजाई

उत्तम सुरुवात. दोन शंका. एक्स-रेत कीड ‘नसेजवळ’ दिसली की लगेच रूट कॅनाल सुचवलं जातं. खोल कीड असूनही नस वाचवता येते का? आणि मिश्रीमुळे दात मुळाशी झिजतात, तिथेही रूट कॅनाल करावं लागतं का?

दंतवल्क

@रानजाई, येते, आणि जिथे येते तिथे तीच पहिली निवड असावी. पल्पला जाग आहे, कळ रेंगाळत नाही, ठोकल्यावर दुखत नाही, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळसर डाग नाही, अशा दाढेत कडेची सगळी कीड काढतात आणि तळाशी पल्पच्या अगदी वर थोडं मऊसर डेंटिन मुद्दाम ठेवतात. सगळं खरवडायला गेलं तर पल्प उघडा पडतो. त्यावर कॅल्शियम सिलिकेट जातीचं सिमेंट, म्हणजे एमटीए किंवा बायोडेंटिन, आणि वर घट्ट भरण. पल्प उघडा पडलाच तर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या जातीचं जंतुनाशक) भिजवलेला बोळा ठेवून रक्त थांबतं का पाहायचं. पाच-दहा मिनिटांत थांबलं तर वरचा सुजलेला भाग काढून खालचा जिवंत ठेवता येतो. रक्त थांबतच नसेल तर सूज खोलवर गेली आहे असं समजून पुढे जायचं. एक्स-रे दोन मितींतली सावली आहे. त्यावरून ‘नसेपर्यंत गेली’ हे छातीठोकपणे सांगता येत नाही, थंडाची चाचणी सोबत हवीच.

मिश्रीचं वेगळं. भाजलेल्या तंबाखूची पूड बोटानं रोज घासली की हिरडी मागे सरते आणि दाताच्या मानेशी खाच पडते. एनॅमल तिथे मुळातच पातळ. दात आंबतात, शिवशिवतात. खाच उथळ असताना भरण पुरतं. खूप खोल गेली की पल्पची पोकळी हळूहळू आतून आकसते, कधी उघडी पडते, तेव्हा रूट कॅनाल. पण मिश्री चालू ठेवून खाच भरणं म्हणजे वाळूत पाणी ओतणं. शिवाय हिरडीवर आणि गालात पांढरे चट्टे आहेत का हे त्याच भेटीत पाहून घ्यायला हवं. ते दातापेक्षा महत्त्वाचं आहे.

मुळाक्षर

धागाकर्त्यांनी निदान छान मांडलं. प्रत्यक्ष खुर्चीत काय होतं ते मी लिहिते, म्हणजे काय विचारायचं ते कळेल.

भूल दिल्यावर सगळ्यात आधी दातावर रबर डॅम लागायला हवा. छिद्र पाडलेला रबराचा पातळ पडदा, त्यातून फक्त तो दात बाहेर. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नमनी १८६४ मध्ये तो वापरात आणला, तरी आजही अनेक ठिकाणी कापसाच्या बोळ्यांवर काम चालतं. हा सोयीचा प्रश्न नाही. लाळेच्या प्रत्येक थेंबात जिवाणू आहेत आणि आपण जिवाणू काढायलाच बसलो आहोत. दुसरं म्हणजे हातातून सुटलेली बारीक फाईल, म्हणजे नळ्या घासायची सुईसारखी कानस, घशात, श्वासनलिकेत जाऊ शकते. तिसरं, आत वापरलेलं हायपोक्लोराइट तोंडात गळत नाही. ‘डॅम लावणार ना?’ हे आधी विचारायला संकोच नको.

मग कीड आणि जुनं भरण पूर्ण काढून वरून पोकळी उघडतात. इथली मुख्य कसोटी म्हणजे सगळी तोंडं सापडणं. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण नळ्या बहुतेकदा चार. चौथी गालाकडच्या पुढच्या मुळात, मुख्य तोंडापासून दीड-दोन मिलिमीटर टाळूकडे, डेंटिनच्या पदराखाली दडलेली असते. सूक्ष्मदर्शक किंवा निदान चष्म्याची भिंगं आणि चांगला उजेड नसेल तर ती राहून जाते. वरच्या दाढेचं रूट कॅनाल फसलं की मी आधी तिथेच शोधते. खालच्या दाढेला सहसा तीन, पुष्कळदा चार. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी नळ्या एकमेकींत मिसळून इंग्रजी ‘सी’सारखी फट होते आणि ती आशियाई लोकांत जास्त दिसते. ती साफ करायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही.

पुढे लांबी. बारीक हाती फाईल, आठ किंवा दहा नंबरची, सावकाश आत. नंबर म्हणजे टोकाची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, दहा नंबर म्हणजे ०.१० मिमी. फाईलला वायर जोडून एपेक्स लोकेटर लावतात, दुसरी वायर ओठाला. फाईल मुळाच्या टोकाशी आली की यंत्र दाखवतं. त्याहून साधारण अर्धा मिलिमीटर अलीकडे कामाची लांबी धरतात. दाढेत ती बऱ्याचदा १९ ते २२ मिमी भरते. नळीत पू, रक्त किंवा वर धातूचं भरण असेल तर यंत्र चुकतं, म्हणून शंका आल्यास फाईलसह एक्स-रे. लांबी कमी धरली तर शेवटी घाण राहते. जास्त धरली तर टोकाचं छिद्र फाटतं, साहित्य हाडात जातं आणि चावताना बरेच दिवस दुखतं.

मग आकार देणं. आधी पंधरा नंबरपर्यंत हाती फाईलनं वाट मोकळी, त्यानंतर निकेल टायटॅनियमच्या लवचीक फाइली मोटरवर, मिनिटाला साधारण २५० ते ३५० फेरे. पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फाईल साफ करत नाही, फाईल धुण्यासाठी वाट करून देते. नळी गोल नसते. तिला आडव्या फटी, फाटे, जोडवाटा असतात आणि भिंतींचा बराच भाग फाईलला स्पर्शच करत नाही. तिथे पोहोचतं ते पाणी. अडीच ते सव्वापाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट मेलेलं मांस विरघळवतं आणि जिवाणू मारतं. ते सतत बदलत राहावं लागतं, कारण मांसाशी आणि जिवाणूंशी गाठ पडली की काही मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. शेवटी १७ टक्के ईडीटीए एक मिनिट, भिंतीवरचा भुश्श्याचा थर काढायला, मग पुन्हा हायपोक्लोराइट. काहीजण क्लोरहेक्झिडिनही वापरतात. हायपोक्लोराइटवर ते थेट ओतलं की तपकिरी साका बसतो आणि फटी बुजतात. मध्ये सलाईननं धुणं आवश्यक.

धुण्याची सुई बाजूला छिद्र असलेली, तीस गेजची, टोकापासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे, आणि कधीही अडकवून दाबायची नाही. जोरात दाबल्यास द्रव मुळाबाहेर जातो. तत्क्षणी असह्य आग, मिनिटांत गाल सुजतो, पुढचे दिवस काळानिळा पडतो. असं झालं तर लगेच थांबून भरपूर सलाईननं धुणं, पहिल्या दिवशी थंड शेक, वेदनाशामक आणि रोज पाहणी. श्वास किंवा गिळणं अडत असेल तर सरळ रुग्णालय.

एका भेटीत की अनेक? पल्प नुकताच सुजलेला असेल, नळ्या कोरड्या होत असतील तर एका भेटीत पूर्ण केलेलं चांगलं टिकतं. यशाचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच. पू येत असेल, वेळ पुरत नसेल तर मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून एक-दोन आठवडे थांबतात. त्याचा सामू १२.५ च्या आसपास, एवढ्या क्षारात फारसं काही जगत नाही. वर तात्पुरतं सिमेंट किमान साडेतीन-चार मिलिमीटर जाड हवं. पातळ लावलं तर दुसऱ्या दिवशी गळायला लागतं आणि आधीच्या तासाभराची मेहनत वाया. ते पडलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, फोन करून जाऊन या.

शेवटी भरण. गटापर्चा हा झाडाच्या चिकापासून होणारा रबरासारखा पदार्थ, सोबत सीलर. गटापर्चा जागा व्यापतो, सीलर फटी बुजवतो. एक्स-रेत भरण मुळाच्या टोकापासून शून्य ते दोन मिलिमीटरच्या आत संपावं आणि मध्ये काळ्या रेघा नसाव्यात.

पाणंद

मुळाक्षरताई, सविस्तर लिहिलंत, वाचनखूण साठवली. खालच्या दाढेला भूल लागतच नाही अशी तक्रार फार ऐकू येते. ओठ पूर्ण बधिर होतो, पण ड्रिल लावलं की कळ. असं का?

मुळाक्षर

@पाणंद, ओठ बधिर झाला म्हणजे मोठी नस बधिर झाली, दाढेचा पल्प झालाच असं नाही. सुजलेल्या पल्पमधले चेतातंतू इतके संवेदनशील होतात की नेहमीची मात्रा त्यांना पुरत नाही. ‘हॉट टूथ’ म्हणतात तो हाच. आपल्याकडे सहसा दोन टक्के लिग्नोकेन, १:८०,००० ॲड्रिनॅलिनसह देतात. ते कमी पडलं तर गालाच्या बाजूनं चार टक्के आर्टिकेन, नंतर दात आणि हाड यांच्या मधल्या पट्टीत, आणि अगदी शेवटी थेट पल्पमध्ये. ते शेवटचं पाच-दहा सेकंद चांगलंच दुखतं, तसं आधी सांगायलाच हवं. रुग्णानं सहन करत बसण्यात काही शौर्य नाही. हात वर करून थांबवावं. उघडण्याआधी पुन्हा थंड लावून पाहिलं तर पल्प बधिर झाला का हे आधीच कळतं, दोन मिनिटांचं काम आहे.

मात्रा

औषधांबद्दल, कारण दुकानात रोज हाच प्रश्न येतो. दाढ ठणकते म्हणून अँटिबायोटिकचं पाकीट मागितलं जातं, त्यातही ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी. सुजलेल्या पल्पवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मेलेल्या पल्पमध्ये रक्तपुरवठाच नसतो, मग रक्तातून जाणारं औषध पोहोचणार कुठून? ताप, पसरती सूज, मानेत गाठी, तोंड उघडायला त्रास, किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण, यातलं काही असेल तरच, आणि तेही दात उघडून पू काढण्याच्या जोडीला. पू काढणं हा उपचार, गोळी ही मदत. उगाच घेतलेल्या प्रत्येक कोर्सची किंमत पुढच्या खऱ्या आजारात मोजावी लागते.

वेदनेसाठी प्रौढ, इतर आजार नसलेल्या व्यक्तीला आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ एकत्र, जेवणानंतर, सहा ते आठ तासांनी, हे बऱ्याच ‘स्ट्राँग’ गोळ्यांपेक्षा चांगलं काम करतं. मूत्रपिंडाचा आजार, जठरातला अल्सर, गोळ्यांनी वाढणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, यांत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नये. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंगीची शंका असेल तरी नाही. तिथे फक्त पॅरासिटामॉल, आणि दिवसाची मर्यादा पाळून. मेट्रोनिडाझोल वॉरफरिनचा परिणाम वाढवतं, म्हणून वॉरफरिनवर असलेल्यांनी ते दंतवैद्याला न विसरता सांगावं.

ॲस्पिरिनची गोळी कुटून दाढेत धरू नका. हिरडी आणि गाल भाजून पांढरे पडतात. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, कापसाला थेंबभर लावून खड्ड्यात ठेवल्यास तात्पुरता आराम पडतो. हिरडीवर चोळलं तर तीही भाजते.

चाचपणी

फाईल आत तुटणं हा निष्काळजीपणाच समजायचा का? आणि तुटलेला तुकडा राहिला तर दात गेला का?

दंतवल्क

@चाचपणी, दोन्हींचं उत्तर सरसकट ‘हो’ नाही. वाकड्या नळीत फिरणारी फाईल दर फेऱ्याला एका बाजूनं ताणली जाते, दुसऱ्या बाजूनं दाबली जाते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच. दुसरं कारण म्हणजे टोक अडकतं आणि मोटर फिरवत राहते. वाट आधी मोकळी न करणं, खाली जोर देणं, एकच फाईल मोजदाद न ठेवता अनेक दाढांना वापरणं, यांनी धोका वाढतो आणि तो दंतवैद्याच्या हातात असतो. काळजी घेऊनही कधीतरी तुटते.

तुकडा स्वतः विषारी नाही. प्रश्न असतो त्याच्या खालची नळी साफ झालेली होती की नव्हती. सफाईच्या शेवटी, टोकाजवळ तुटला आणि पल्प सुरुवातीला जिवंत होता, तर तो ठेवून भरलेला दात वर्षानुवर्षं टिकतो. टोकाशी पू असलेल्या दातात, सफाईच्या सुरुवातीलाच तुटला, तर बाजूनं वाट काढणं, सूक्ष्मदर्शकाखाली अल्ट्रासॉनिकनं काढणं, किंवा तज्ज्ञाकडे पाठवणं. काढण्याच्या नादात मुळाची भिंत कोरून पातळ केली तर पुढे मूळ चिरतं, म्हणून प्रत्येक तुकडा काढलाच पाहिजे असं नाही. मात्र रुग्णाला त्याच दिवशी सांगणं, एक्स-रे दाखवणं आणि कागदावर नोंदवणं यात सूट नाही.

साचा

आता माझ्या टेबलावरचा विषय, कॅप. रूट कॅनालनं दाढ ठिसूळ होते असं म्हणतात. खरं कारण म्हणजे कीड आणि उघडण्यासाठी कोरलेली जागा यांत मधलं छप्पर आणि कडेच्या भिंती गेलेल्या असतात. उरलेली टोकं चावताना बाहेरच्या बाजूला फाकतात. सुपारी, चिक्की, भाजलेले फुटाणे, मटणाचं हाडूक, आणि एक दिवस दाढ उभी चिरते. म्हणून दाढा आणि उपदाढांना टोकं झाकणारं आवरण हवं. पुढच्या पटाशीच्या दातात छिद्र लहान असेल, बाकी दात शाबूत असेल, तर नुसतं भरण चालतं. तिथे कॅपसाठी चांगला दात घासून काढणं नुकसानीचं.

कॅप किती टिकेल हे कॅपपेक्षा तिच्या आतल्या दातावर ठरतं. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर खरा दात उरलेला हवा, त्याला कॅपची कड कवटाळते. पिंपाला लोखंडी पट्टा असतो तसं. तेवढा दात नसेल आणि सगळा भार भरणावर असेल, तर कॅप भरणासकट उपटून येते. पोस्ट म्हणजे मुळात बसवायचा खुंटा. त्यानं दात मजबूत होतो ही समजूत चुकीची आहे. तो फक्त वरचं भरण धरून ठेवतो, आणि त्याच्यासाठी मूळ जास्त कोरलं तर मूळच कमकुवत होतं. पोस्ट बसवतानाही टोकाशी चार-पाच मिलिमीटर गटापर्चा अखंड ठेवावा लागतो.

साहित्याचं म्हणाल तर झिरकोनिया आज दाढेसाठी बहुतेकांना सोयीचं, चावायच्या बाजूला दीड मिलिमीटरच्या आसपास जागा दिली की पुरतं. धातूवर चिनीमाती चढवलेल्या कॅपला दीड ते दोन लागतात. जागा कमी दिली आणि लॅबनं पातळ केली की चिनीमातीचे टवके उडतात. ज्यांची दाढ मुळातच बुटकी आहे त्यांना पूर्ण धातूची कॅप सर्वांत कमी दात घासून बसते. दिसायला राखाडी, पण मागच्या दाढेला मी अजूनही ती सुचवतो.

कॅप पक्की चिकटवण्याआधी खुर्चीतच तीन गोष्टी पाहून घ्या. शेजारच्या दाताशी फ्लॉस अडून ‘टक’ करून जातो का? सहज घसरला तर तिथे रोज अन्न अडकणार. निळ्या कागदावर चावल्यावर फक्त कॅपवरच ठसा उमटतो का? तसं असेल तर ती उंच आहे, दुखेल. आणि कड जिभेला, बारीक सळईला पायरीसारखी लागते का? पायरी म्हणजे फट, फट म्हणजे पुन्हा कीड. कॅपखाली थंड जाणवत नाही, त्यामुळे ती कीड कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

रूट कॅनाल करून तात्पुरत्या भरणावर महिनोन्महिने फिरणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. दुखत नाही म्हणून थांबतात. एक तर भरणातून लाळ झिरपून नळ्या पुन्हा दूषित होतात, नाहीतर दाढ उभी फुटते आणि काढावीच लागते. पक्कं भरण शक्यतो त्याच भेटीत आणि कॅप दोन-तीन आठवड्यांत.

बोरन्हाण

लहान मुलांसाठी थोडं. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या आधी काहीच पडत नाही, त्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडेलच’ म्हणून सोडतात. ती कायमची पहिली दाढ, आयुष्यभराची. तिच्या खाचा आल्या आल्या सीलंटनं बुजवून घ्याव्यात. तिची मुळं पूर्ण व्हायला आणखी तीनेक वर्षं लागतात, तोवर टोक फनेलसारखं उघडं असतं. अशा दाढेत शक्य तितका पल्प जिवंत ठेवायचा, म्हणजे मूळ वाढत राहतं. पल्प मेलाच तर उघड्या टोकाशी एमटीएचा तीन ते पाच मिलिमीटरचा बूच घालून मग भरण करतात.

दुधाची दुसरी दाढ अकरा-बारा वर्षांपर्यंत लागते. सातव्या वर्षी काढली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेची जागा खाते. म्हणून तिलाही वाचवायचं. वरचा पल्प काढून एमटीए, किंवा मुळांपर्यंत गेलं असेल तर शरीरात विरघळणारं भरण, आणि वर स्टीलची तयार कॅप. गटापर्चा दुधाच्या दातात नाही, कारण ती मुळं नैसर्गिकरीत्या विरघळायची असतात आणि गटापर्चा विरघळत नाही.

पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा, माती असेल तर थंड दुधानं किंवा सलाईननं, नाहीतर नळाखाली काही सेकंद धुवा, जागच्या जागी बसवा आणि रुमाल चावायला देऊन लगेच निघा. बसवता येत नसेल तर दुधात ठेवून न्या, पाण्यात नको. कोरडा राहिला तर मुळावरच्या पेशी अर्ध्या-एक तासात मरतात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का ते पाहावं. दुधाचा दात परत बसवत नाहीत, खालच्या कळीला इजा होते.

उंबरठा

शल्यविभागाच्या बाजूनं. वाचवू नये असे दात असतात आणि ते आधी ओळखले तर पैसा आणि त्रास दोन्ही वाचतात. मूळ उभं चिरलेलं असेल तर हिरडीत एकाच जागी सळई अचानक खोल जाते, बाकी सगळीकडे नेहमीएवढीच. एक्स-रेत मुळाच्या बाजूनं टोकाला वळसा घालणारी सावली दिसते. असं एकमुळी दाताला झालं तर काढण्याशिवाय मार्ग नाही. हाड निम्म्याहून जास्त गेलेला, हलणारा दात रूट कॅनालनं घट्ट होत नाही. समोरचा दात नसलेली, चावायला येतच नसलेली अक्कलदाढ वाचवण्यात बहुधा अर्थ नाही.

उलट काही जणांनी काढण्यापेक्षा रूट कॅनाल करणंच सुरक्षित असतं. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्यावर रेडिएशन झालेल्यांचं हाड दात काढल्यावर भरून येत नाही, सडू शकतं. तंबाखूमुळे आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि रेडिएशन सुरू होण्याआधीच दातांची तपासणी व्हायला हवी ती यासाठी. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब चालू असणाऱ्यांचंही तेच. कृत्रिम झडप असलेल्या किंवा पूर्वी हृदयाच्या झडपेला संसर्ग झालेल्या व्यक्तीला प्रक्रियेआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन दोन ग्रॅम देतात, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या रूट कॅनालसाठी सहसा बंद कराव्या लागत नाहीत. स्वतःच्या मनानं तर मुळीच बंद करू नका. गरोदरपणात चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण पू आणि ठणका असेल तर थांबायचं नाही. लिग्नोकेन चालतं, दातापुरता एक्स-रेही चालतो.

आणि हे लक्षात ठेवाच: सूज जिभेखाली किंवा हनुवटीखाली मानेकडे पसरते आहे, जीभ वर उचलली गेली आहे, लाळ गिळता येत नाही, तोंड दोन बोटंही उघडत नाही, आवाज बदलला आहे, यातलं काही असेल तर दवाखाना उघडायची वाट पाहू नका. मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा, रात्री दोन वाजलेले असले तरी. ही सूज काही तासांत श्वास अडवू शकते. बाहेरून गरम शेक देत घरी बसू नका.

रानजाई

रूट कॅनाल केलेल्या दातामुळे कर्करोग, हृदयविकार होतो असा संदेश पुन्हा फिरतो आहे. यावर नेमकं उत्तर काय द्यावं?

मुळाक्षर

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं, दातांवरच्या सदोष कामाखालचा संसर्ग अनेक आजारांचं मूळ आहे असं. नंतर वेस्टन प्राइस यांनी रूट कॅनाल केलेले दात सशांच्या कातडीखाली ठेवून प्रयोग केले. त्या काळात लाखो दात उपटले गेले आणि लोकांचे संधिवात काही बरे झाले नाहीत. प्रयोगांत जंतुविरहित काळजी नव्हती, म्हणून पुढे ते टिकले नाहीत. कर्करोगाशी संबंध कुठेही सिद्ध झालेला नाही. याउलट १९६५ मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांचे पल्प उघडे ठेवले, ते भरून आले. साध्या उंदरांचे मेले, मुळाशी पू झाला. म्हणजे वैर जिवाणूंशी आहे. पू भरलेला दात तसाच ठेवणं हे शरीराला त्रासदायक, साफ करून बंद केलेला दात नव्हे.

पाणंद

शेवटचं विचारतो. झाल्यावर किती दिवस दुखणं चालायचं, फसलं हे कधी म्हणायचं, आणि तज्ज्ञ कसा ओळखायचा?

दंतवल्क

@पाणंद, चावताना हळुवार दुखणं तीन-चार दिवस, कधी आठवडाभर. रोज थोडं कमी होत गेलं पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढून सूज आली तर कळवा, आधी चावा उंच आहे का ते पाहतात.

हाड सावकाश भरतं. मुळाशी काळी सावली होती तर सहा महिन्यांनी आणि वर्षानं एक्स-रे काढायचा. सावली आकसत असेल तर चार वर्षांपर्यंत वाट पाहायला हरकत नाही. वाढत असेल, पुळी पुन्हा आली, तर फसलं. तेव्हा जुना गटापर्चा उष्णता, फाइली आणि विद्रावकानं काढून पुन्हा सगळं. कॅप, पोस्ट यांमुळे वरून जाणं अवघड असेल तर हिरडी उघडून मुळाचं टोक तीन मिलिमीटर कापतात, कारण बहुतेक फाटे त्याच तुकड्यात असतात, आणि मागून तीन मिलिमीटर एमटीए भरतात.

साधं रूट कॅनाल अनुभवी बीडीएस दंतवैद्य उत्तम करतात. वाकडी मुळं, आधी फसलेलं काम, तुटलेली फाईल असेल तर कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री आणि एंडोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेल्यांकडे जा. नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. खर्च झेपत नसेल तर मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. तिथे विद्यार्थी काम करतात पण शिक्षकांच्या देखरेखीखाली, फेऱ्या जास्त होतात, तेवढा वेळ धरून जा. जाताना जुने एक्स-रे न्या. आणि कुठेही करा, तीन एक्स-रेंच्या प्रती मागून घ्या: आधीचा, लांबी मोजतानाचा आणि भरल्यानंतरचा. वर्षानं पाहायला आधीचा शेजारी ठेवावा लागतो.